उलट बोलणारा रेडिओ

आकाशवाणीवरून भाषण करणाऱ्या मनुष्याची एक मोठी सोय असते. तो बोलतो ते हजारो श्रोते ऐकतात, परंतु त्यांपैकी एकालाही त्याला मध्येच थांबवून ‘अहो, हे जरा पुन्हा सांगा’ असे म्हणता येत नाही. माझ्यासारख्या वक्त्याला हा एकतर्फी कारभार सोयीचा वाटला तर त्यात नवल नाही. पण या यंत्राचा जन्म अशा एकतर्फी कारभारासाठी झालेला नव्हता. मार्कोनीने १९०१ साली अटलांटिक महासागराच्या पैलतीरी पहिला संकेत पोचवला, त्या काळी बिनतारी यंत्राचा उपयोग एकच होता: इकडच्याने विचारावे आणि तिकडच्याने उत्तर द्यावे. गाणी, बातम्या आणि भाषणे ही मागाहून आली. ते मूळचे दुतर्फी संभाषण ज्यांनी पैशासाठी किंवा हुकमासाठी न करता निव्वळ हौसेने आणि जिज्ञासेने चालू ठेवले, त्यांना जगभर ‘हॅम’ अशा काहीशा विचित्र नावाने ओळखतात. आपण त्यांना हौशी बिनतारीवाले म्हणू.

यावर एक प्रश्न हमखास येतो. आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन असताना हा उपद्व्याप करायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी टेलिफोनचा आवाज जातो कसा, हे क्षणभर पाहू. आपल्या खिशातले यंत्र आवाज पाठवते ते जवळच्या मनोऱ्यापर्यंत. तिथून तो जमिनीतल्या केबलीने केंद्रात जातो, तिथून दुसऱ्या केंद्रात, आणि अखेर दुसऱ्या एका मनोऱ्यावरून समोरच्याच्या कानी पडतो. या साखळीतील प्रत्येक कडी कोणाच्या तरी विजेवर आणि कोणाच्या तरी देखरेखीवर उभी असते. एक कडी निखळली की खिशातले यंत्र केवळ घड्याळ म्हणून उपयोगी पडते. हौशी बिनतारीवाल्याच्या दोन यंत्रांमध्ये हवा आणि आकाश यांखेरीज काहीही नसते.

याचा प्रत्यय २००४ सालच्या डिसेंबरात आला. दिल्लीच्या भारती प्रसाद या बाई काही सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या. त्या बेटांवरून हौशी बिनतारी कित्येक वर्षे बंद होती, आणि तिथल्या केंद्राशी एकदा तरी बोलायला मिळावे म्हणून जगभरचे छांदिष्ट वाट पाहत होते. हेतू एवढाच होता. त्याला कोणी उदात्त म्हणणार नाही. २६ डिसेंबरच्या सकाळी पोर्ट ब्लेअरला धरणीकंपाचे हादरे बसले आणि मागोमाग समुद्र आत आला. टेलिफोन मुके झाले. पण उतरण्याच्या जागेवर तार ताणलेली होती, यंत्र जुळवलेले होते आणि ते चालवणारी व्यक्ती सरावातली होती. तेच हौसेचे केंद्र त्या दिवसापासून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांना कळवू लागले. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ झाले तेव्हा आणि २००१ साली भुजच्या भूकंपात हौशी बिनतारीवाल्यांनी असेच काम केले होते. संकट आल्यावर यंत्र विकत आणून ते चालवायला शिकता येत नाही. शांततेच्या दिवसांत निरर्थक वाटणारा सराव त्या दिवशी उपयोगी पडतो, आणि तो सराव कसा करावयाचा हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी बऱ्हाणपूर शहर निवडले आहे, आणि त्यातही लोधीपुरा. खानदेशची ही जुनी राजधानी आज मध्यप्रदेशात असली तरी तिथे मराठी परकी नाही. शिवाय बिनतारीच्या दृष्टीने या गावाची जागा मोठी बोधप्रद आहे. नैर्ऋत्येला रावेर-भुसावळच्या बाजूने तापीचे खोरे अंगणासारखे मोकळे पसरलेले आहे. उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे, आणि त्या भिंतीतल्या खिंडीवर पहारा देणारा असीरगड अवघ्या वीस किलोमीटरांवर आहे. ज्याला दक्खनचे दार म्हणत, तोच हा गड. या लोधीपुऱ्यातल्या एखाद्या तरुणाला, किंवा निवृत्त शिक्षकाला म्हणा, आपल्या घराच्या गच्चीवर असे केंद्र उभारावेसे वाटले, तर त्याने काय करावे?

प्रथम लहरींचा स्वभाव समजून घ्यावा. या गोष्टीचा कंटाळा करणारे पुढे यंत्रावर पैसे घालतात आणि वर्षभरात ते माळ्यावर टाकतात. बिनतारी लहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर धावते. सेकंदाला जितकी कंपने असतील तितक्यांनी या आकड्याला भागले की एका लहरीची लांबी मिळते. हौशी लोकांना जगभर लहरींचे काही ठरावीक पट्टे राखून दिलेले आहेत. त्यांतील दोन आपल्या कामाचे आहेत. एक सेकंदाला ७० लाख ते ७२ लाख कंपनांचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झचा. त्याची लहर सुमारे ४२ मीटर लांब असते, पण रूढीने त्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात. दुसरा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा, ज्याची लहर जेमतेम दोन मीटर भरते.

दोन मीटरची लहर सरळमार्गी असते. ती दृष्टीच्या रेषेत जाते, क्षितिजापलीकडे फारशी वाकत नाही, आणि डोंगर आडवा आला की तिथेच थांबते. हातात मावणारी पाच वॅटची छोटी यंत्रे याच लहरीवर चालतात. जमिनीपासून नऊ मीटर उंचीच्या दोन गच्च्यांवर एरियले असतील, तर हिशेबाने मधले अंतर पंचवीस किलोमीटरांपर्यंत चालते. तेच दुसरे टोक सपाटीपासून अडीचशे मीटर उंच टेकडीवर असेल, तर ते पासष्ट किलोमीटरांच्या पलीकडे जाते. म्हणून मोठ्या शहरांतील हौशी मंडळे डोंगरमाथ्यावर एक स्वयंचलित केंद्र ठेवतात. ते खालचा आवाज उचलते आणि दुसऱ्या कंपनसंख्येवर पुन्हा सोडते. असीरगडाकडे पाहून कोणाही बिनतारीवाल्याला मोह व्हावा अशीच ती जागा आहे; पण तो संरक्षित किल्ला आहे, त्यावर कोणी तारा ताणू नयेत. रावेरच्या किंवा गावातल्याच मित्राशी बोलण्यास दोन मीटरची लहर उत्तम. सातपुड्यापलीकडे मात्र तिचे काही चालत नाही.

४० मीटरच्या लहरीची चाल निराळी. पृथ्वीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युद्भारित झालेले हवेचे विरळ थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. आपल्याकडे या थरांचा पायाभूत अभ्यास कलकत्त्याच्या प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी केला, आणि त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाल्यावर जगभर वाखाणला गेला. ४० मीटरची लहर या थरावर आपटून खाली परतते. गल्लीतल्या मुलाने उंच भिंतीपलीकडच्या मित्राकडे चेंडू फेकावा, तो वर जाऊन बरोबर भिंतीच्या पलीकडे पडावा, तसा हा प्रकार आहे. लोधीपुऱ्यातून जवळजवळ सरळ वर सोडलेली लहर आकाशातून परतून दीडशे किलोमीटरांवर महूला पडते, चारशे किलोमीटरांवर पुण्याला पडते आणि मुंबईलाही पडते. सातपुडा मध्ये आहे की नाही हे तिला कळतही नाही. दिवसा या लहरीचा पल्ला काही शेकडा किलोमीटर असतो. रात्र चढली की आयनांबराची घडण बदलते, जवळची केंद्रे विरून जातात, आणि त्यांच्या जागी हजारो किलोमीटरांवरचे परके आवाज उमटू लागतात. सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात, त्याचाही परिणाम या सगळ्यावर होतो. थोडक्यात, या छंदात पंचांग पाहावे लागते, मात्र ते सूर्याचे.

मघाशी मी महूचे नाव घेतले ते केवळ अंतर सांगण्यासाठी नव्हे. स्वतंत्र भारतातील हौशी बिनतारीवाल्यांची पहिली संस्था १५ मे १९४८ रोजी महूच्या लष्करी सिग्नल विद्यालयात स्थापन झाली. त्या वेळी साऱ्या देशात परवानाधारक पन्नासाच्या घरात होते आणि प्रत्यक्ष बोलणारे त्याहून पुष्कळच कमी. पुढे संस्थेचे ठाणे दिल्लीला हलले आणि १९५४ साली तिला आजचे ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले. लोधीपुऱ्यातल्या आपल्या तरुणाने पहिला आवाज सातपुड्यापलीकडे टाकावयाचा ठरवला, तर तो नकळत या छंदाच्या जन्मगावाच्या दिशेनेच जाईल.

याच ४० मीटरच्या पट्ट्याला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सरकारने हौशी लोकांचे परवाने स्थगित करून त्यांची यंत्रे जमा करण्याचे हुकूम काढले होते. तीन वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टअखेर, मुंबईत एक गुप्त केंद्र बोलू लागले. ते काँग्रेस रेडिओ. उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे साथीदार ते चालवीत होते. यंत्र उभे करण्यास मुंबईतल्या हौशी बिनतारीवाल्यांचे ज्ञान कामी आले होते. पोलीस मागावर असल्याने जागा सारख्या बदलाव्या लागत. अखेर आतल्याच एका तंत्रज्ञाकडून सुगावा लागून १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात ते पकडले गेले. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. मघाचा भागाकार येथे करून पाहावा: सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंपने. म्हणजे आज जो पट्टा हौशी लोकांना कायद्याने दिलेला आहे, त्याच्या अगदी आत. ज्या लहरीवर बोलल्याबद्दल एका पिढीला तुरुंग भोगावा लागला, तिच्यावर आज परीक्षा उत्तीर्ण झालेले बारा वर्षांचे मूलही उजळ माथ्याने बोलू शकते.

आता गच्चीवर येऊ. या छंदात लोकांची नजर यंत्राकडे जाते. माझ्या मते ती आधी तारेकडे जावी. उत्तम यंत्र आणि वाईट एरियल यांपेक्षा साधे यंत्र आणि चांगले एरियल केव्हाही बरे. नवशिक्याने अर्ध्या लहरीचे साधे तारेचे एरियल करावे. त्याचा आडाखा असा: १४३ या आकड्याला मेगाहर्ट्‌झने भागावे, म्हणजे तारेची एकूण लांबी मीटरांत मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती २० मीटर आणि १४ सेंटिमीटर येते. हिचे दोन समान तुकडे करावयाचे, प्रत्येकी दहा मीटरांहून किंचित अधिक. कापताना हात राखून कापावे, दोन्ही बाजूंना वीतभर तार जास्त ठेवावी. कमी करणे सोपे असते, वाढवणे कठीण. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा, प्लॅस्टिकचा किंवा चिनी मातीचा तुकडा बांधावयाचा, आणि तिथूनच ५० ओहमची समाक्ष केबल खाली खोलीत आणावयाची. केबलीची आतली तार एका बाहूला, बाहेरची जाळी दुसऱ्याला.

जुन्या मोहल्ल्यातल्या गच्च्या वीस मीटर लांब असतातच असे नाही. त्यावर तोड अशी की मधोमध सहा-सात मीटरांचा बांबू किंवा पाइप उभा करून मध्यबिंदू त्यावर चढवावा आणि दोन्ही बाहू तंबूच्या दोऱ्यांसारखे उतरते ठेवावेत. टोके नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधावीत, पण माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर. बोलत असताना टोकाशी दाब पुष्कळ असतो आणि चटका बसतो. तार फार उंच नाही म्हणून खंत करू नये. जमिनीजवळची तार लहर वर फेकते, आणि आपल्याला तर भिंतीपलीकडे चेंडू टाकावयाचा आहे. मात्र विजेच्या तारांपासून हे सर्व इतके दूर असावे की खांब आडवा पडला तरी तो त्यांना शिवणार नाही. या एका बाबतीत आळस केल्याने माणसे प्राणास मुकली आहेत.

तार चढली की ती यंत्राशी जुळते का हे पाहावे लागते. त्यासाठी एक छोटे मापक मिळते. ते वर पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते ते दाखवते. आकडा दीडच्या आत असला की समाधान मानावे. तीनच्या वर असला तर यंत्र सुरू ठेवू नये, तारेची टोके दोन-दोन बोटे कमी करीत पुन्हा मोजावे. यात एक सबंध रविवार जातो. तो वाया गेला असे समजू नये, कारण पुस्तकात न समजलेली निम्मी विद्या याच दिवशी गच्चीवर चढ-उतर करताना समजते.

यंत्राविषयी थोडक्यात. परदेशी बनावटीचे शंभर वॅटचे यंत्र उत्तम असते आणि महागही. पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा एक आराखडा केला, त्याने आपल्याकडच्या हौशी मंडळींचा मार्ग फारच सुकर झाला. बाजारात सहज मिळणारे साधे ट्रान्झिस्टर आणि पाच-सहा वॅटची शक्ती. मूळ आराखड्यात तर परदेशी गाभ्यांच्या ऐवजी नळाच्या वायसरावर तार गुंडाळून वेटोळी करावीत असे सुचवले होते. हा आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला आणि तो जगभर घरोघर बांधला गेला. पाच-सहा वॅट म्हणजे रात्रीच्या दिव्याइतकी शक्ती. पण तेवढ्यावर दिवसा लोधीपुऱ्यातून मुंबई गाठणे अशक्य नाही. असे यंत्र बारा व्होल्टवर चालते, आणि घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ते अनेक तास बोलते. मोठे यंत्र बोलताना वीस अँपिअर ओढते, हे संकटकाळाचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तार आणि यंत्र जुळले की बोलण्याची घाई होते. येथेच थांबावयाचे असते. पहिले काही महिने केवळ ऐकावे. साध्या रेडिओवर हौशी लोकांचे बोलणे बदक बोलल्यासारखे लागते. कारण ते मूळ वाहक लहर आणि तिची एक बाजू गाळून फक्त उरलेली बाजू पाठवतात, म्हणजे थोड्या शक्तीत लांब जाता येते. गाळलेला भाग ग्राहक यंत्राने पुन्हा भरून काढावा लागतो. ४० मीटरवर खालची बाजू वापरण्याची रूढी आहे. चक्री अगदी सावकाश फिरवावी. बदकाचा माणूस होतो तो क्षण एका केसाइतका असतो.

बऱ्हाणपुरात या ऐकण्याला एक खास अडथळा आहे. ते यंत्रमागांचे गाव. मोटारी सुरू झाल्या की त्यांच्या ठिणग्यांचा आणि फिरत्या चुंबकांचा खरखराट कानात शिरतो. त्यात आता नव्या दिव्यांची आणि चार्जरांची भर पडली आहे. त्यावर उपाय काय? बॅटरीवर यंत्र लावावे, घरातले बटण एक एक बंद करून कोणता दिवा शत्रू आहे हे शोधावे, आणि तार विजेच्या मीटरापासून शक्य तितकी लांब न्यावी. याउपर माग थांबण्याची वाट पाहावी. वीज गेली असता सारे गाव हळहळते. बिनतारीवाला त्या वेळी मुकाट्याने बॅटरी जोडून कान लावून बसतो, कारण एवढी शांतता त्याला एरवी मिळत नाही.

ऐकता ऐकता रीत समजते. कोणी आधी बोलावे, कोणी थांबावे, दोन वाक्यांच्या मध्ये क्षणभर जागा का सोडावी. ती जागा तिसऱ्यासाठी असते. ज्याला तातडीचा निरोप द्यावयाचा असेल त्याला तिथे शिरता यावे म्हणून. अक्षरांचा गोंधळ होऊ नये यासाठी ‘व्ही’ला व्हिक्टर आणि ‘यू’ला युनिफॉर्म म्हणतात. ‘सीक्यू’ ही हाक म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याने बोलावे असे आमंत्रण. आवाज स्वच्छ आणि जोरकस असला तर ‘पाच-नऊ’ म्हणावयाचे, आणि निरोप घेताना ‘त्र्याहत्तर’. हा आकडा तारायंत्राच्या काळापासून शुभेच्छांचा मानला जातो. संभाषण झाले की वेळ, लहर आणि समोरच्याचे चिन्ह वहीत लिहावे. पुष्कळ जण पुढे टपालाने एकमेकांना छापील कार्ड पाठवतात. दोन मिनिटांच्या बोलण्याचे कार्ड दोन महिन्यांनी येते, आणि तरीही त्याचा आनंद कमी होत नाही.

बोलण्यासाठी परवाना हवाच. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला परीक्षेस बसता येते. तीत विजेची व बिनतारीची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. मर्यादित श्रेणीला एवढे पुरते. सर्वसाधारण श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सचे संकेत घेता आणि देता आले पाहिजेत. आठ शब्द म्हणजे मिनिटाला चाळीस अक्षरे. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत जमते. मोर्स शिकताना टिंबे आणि रेघा मोजू नयेत, ताल ऐकावा. तबल्याचे बोल जसे मोजून नव्हे तर ऐकून पाठ होतात तसे. उत्तीर्ण झाल्यावर आणि सुरक्षाविषयक चौकशी पार पडल्यावर प्रत्येकाला स्वतःचे चिन्ह मिळते. भारताची अक्षरे ‘व्हीयू’. पुढे २ असेल तर सर्वसाधारण श्रेणी आणि ३ असेल तर मर्यादित. राजीव गांधी ‘व्हीयू२आरजी’ होते. भारती प्रसाद ‘व्हीयू२आरबीआय’. हवेत नाव, पद, जात यांपेक्षा हे चिन्हच माणसाची ओळख असते. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आहे, तेव्हा अर्जापूर्वी विभागाचे ताजे नियम पाहून घ्यावेत.

हातातली छोटी यंत्रे खेळण्यांसारखी विकत मिळू लागल्यापासून परवान्याचा हा टप्पा पुष्कळ जण गाळतात. तसे करू नये. पोलिसांच्या, अग्निशामक दलाच्या किंवा विमानांच्या लहरीवर अजाणतेपणी पडलेला एक शब्दही भारी पडू शकतो. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली ती उगीच नव्हेत. परवाना असला तरी काय बोलावयाचे यालाही मर्यादा आहेत. व्यापार नाही, राजकीय प्रचार नाही, गाणी नाहीत, सांकेतिक गुप्त भाषा नाही. रावेरच्या केळीचा आजचा भाव विचारणेसुद्धा नियमात बसत नाही. मग बोलावयाचे काय? आपली तार किती लांब, यंत्र कोणते, आवाज कसा येतो, हवामान कसे आहे. बाहेरच्या माणसाला हे बोलणे अगदी निरस वाटते. परंतु याच निरस बोलण्यातून, आज माझा आवाज कोणत्या वेळी कुठपर्यंत जातो, याचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात तयार होत असतो. पावसाळ्यात तापी फुगली, वीज गेली, मनोरे मुके झाले आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला भोपाळला निरोप पाठवावयाचा असला, तर दुपारी तीन वाजता कोणत्या लहरीवर भोपाळ लागते हे शोधत बसण्यास वेळ नसतो. ते ज्याला वर्षभराच्या वहीवरून ठाऊक आहे, तोच त्या वेळी कामाचा.

या छंदाची मजल आता पृथ्वीपुरती उरलेली नाही. ५ मे २००५ रोजी भारताने ‘हॅमसॅट’ हा खास हौशी लोकांसाठीचा उपग्रह सोडला आणि तो २०१४ पर्यंत जगभरच्या लोकांचे बोलणे पोचवत राहिला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्‌’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी आकाशात गेला. हौशी लोकांचे लेखी निरोप इकडून तिकडे नेणे हे त्याचे काम. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरचे अंतराळवीर अधूनमधून शाळकरी मुलांशी बोलतात ते १४५.८ मेगाहर्ट्‌झवर, स्थानक डोक्यावर असेल त्या दहा मिनिटांत लोधीपुऱ्याच्या गच्चीवरही ते हातातल्या यंत्राने ऐकता येते. सातपुड्याची भिंत ज्या दोन मीटरच्या लहरीला अडवते, तिला वरून येताना अडवणारे काही नसते.

शेवटी एक सूचना राहिली. गच्चीवरची तार ही विजांनाही दिसते. केबल खोलीत शिरते त्या जागी तिची जाळी जाड तांब्याच्या तारेने जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली असावी. त्यावर विसंबूनही राहू नये. उन्हाळा सरता सरता असीरगडाच्या अंगाने काळे ढग चढू लागले आणि यंत्रात टरटर असा आवाज वाढू लागला, की संभाषण अर्धे टाकून समोरच्याला त्र्याहत्तर म्हणावे, केबल यंत्रापासून काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि पाऊस उघडेपर्यंत वही नीट लिहून काढावी.